हॉकीचे स्टेडियम खेळाला नेमके काय देते? राउरकेल्याच्या निमित्ताने एक सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे : ओडिशातील राउरकेला येथे जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या बिरसा मुंडा आंतरराष्ट्रीय हॉकी स्टेडियममध्ये वीस हजारांहून अधिक प्रेक्षक बसू शकतात, एवढ्या मोठ्या बांधकामाचा हॉकीला प्रत्यक्ष उपयोग काय, आणि तोच पैसा लहान लहान मैदानांवर खर्च केला असता तर ते अधिक योग्य झाले नसते का? प्रश्न रास्त आहे, आणि तो खेळाविषयीच्या आस्थेतून आलेला आहे. मी अनेक वर्षे हॉकीचे प्रशिक्षण दिले आहे आणि टर्फच्या, म्हणजे कृत्रिम गालिचा अंथरलेल्या मैदानाच्या, देखभालीची जबाबदारीही सांभाळली आहे, त्यामुळे मी स्टेडियमकडे प्रेक्षागाराच्या बाजूने पाहण्याआधी मैदानाच्या बाजूने पाहतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. हॉकीचे स्टेडियम म्हणजे मुळात त्याचा पृष्ठभाग होय; आसनांचा विचार त्यानंतर. मोठे स्टेडियम जिथे खेळ आधीपासून रुजलेला आहे तिथे उभे राहिले आणि त्याच्या आसपास मुलांना रोज वापरता येतील अशी साधी टर्फ मैदाने असली, तरच त्याचा खर्च खेळाच्या कामी येतो. राउरकेल्याने यांपैकी पहिली अट पुरेपूर पाळली आहे. दुसरीबद्दल पुढे लिहितो.

पृष्ठभागाला मी एवढे महत्त्व का देतो, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा, कठीण आणि सात-साडेसात सेंटिमीटर व्यासाचा असतो, आणि तो बहुतेक वेळ जमिनीलगत प्रवास करतो. पास घेणाऱ्या खेळाडूकडे स्टिकचा फक्त एक सपाट चेहरा असतो. जमीन जराशी जरी उंचसखल असली तरी चेंडू उसळतो, आणि तो उसळेल की नाही याची खात्री नसल्यामुळे खेळाडूची नजर चेंडूवरच खिळून राहते. सहकारी कुठे आहे, प्रतिस्पर्धी कोणत्या बाजूने येतो आहे, हे पाहायला त्याला सवड मिळत नाही. पृष्ठभाग विश्वासार्ह असला की हीच नजर वर उठते आणि खेळाचा सगळा वेग बदलतो. इतर मैदानी खेळांतही जमिनीचा परिणाम होतो, परंतु हॉकीत ती जवळजवळ प्रत्येक स्पर्शात सहभागी असते.

गवताच्या काळातही हे खरे होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची अंतिम लढत पावसामुळे १४ ऑगस्टऐवजी १५ ऑगस्टला खेळवावी लागली, आणि ओलसर मैदानावर पाय स्थिर राहत नाहीत म्हणून ध्यानचंद यांनी उत्तरार्धात खिळ्यांचे बूट काढून ठेवले, ही घटना सर्वपरिचित आहे. भारताने तो सामना जर्मनीविरुद्ध ८-१ असा जिंकला. आपण ही गोष्ट ध्यानचंदांच्या थोरवीचा पुरावा म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण मैदानाची अवस्था बदलल्याबरोबर पादत्राणे बदलण्याची गरज त्या काळच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूलाही वाटली, हेही त्यातून दिसते.

खरा बदल १९७६ मध्ये झाला. मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम पृष्ठभागावर खेळली गेली. अंतिम सामन्यात न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला १-० असे हरवले, पाकिस्तानला कांस्यपदक मिळाले आणि १९२८ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये पदक मिळवत आलेला भारत सातव्या क्रमांकावर घसरला. विश्वचषक स्पर्धेने हा मार्ग थोडा उशिरा धरला. १९८२ ची मुंबईतील स्पर्धा गवतावर झाली आणि १९८६ मध्ये लंडनच्या विल्सडेन येथील स्पर्धेपासून विश्वचषकातही कृत्रिम मैदान आले. त्यानंतर वरच्या पातळीवर गवताचे पुनरागमन झाले नाही.

टर्फने आपली हॉकी संपवली असे वाक्य आपल्याकडे अनेकदा ऐकू येते. मला ते मान्य नाही, कारण ते अर्धेच खरे आहे. १९८० मध्ये मॉस्को येथे भारताने कृत्रिम मैदानावरच सुवर्णपदक जिंकले. त्या स्पर्धेत अनेक बलाढ्य संघ बहिष्कारामुळे आले नव्हते हे लक्षात घेऊनही ते विसरता येत नाही. पाकिस्तानने १९८४ चे ऑलिंपिक सुवर्ण आणि १९९४ चा सिडनी येथील विश्वचषक कृत्रिम मैदानावरच मिळवला. उपखंडातील खेळाडूला टर्फवर खेळता येत नव्हते असे नाही; त्याला ते लहानपणी मिळत नव्हते. नेदरलँड्स, जर्मनी किंवा ऑस्ट्रेलियातील मुलगा आठव्या-नवव्या वर्षी क्लबच्या टर्फवर उतरत होता, तर आपल्याकडील गुणी मुलगा पंधराव्या-सोळाव्या वर्षी निवड शिबिरात पहिल्यांदा टर्फ पाहत होता. तोवर चेंडू अडवण्याची, वाकण्याची आणि फटका मारण्याची त्याच्या शरीराची सवय पक्की झालेली असे. स्टेडियमच्या भूमिकेविषयी बोलताना ही वयाची गोष्ट मला सर्वांत निर्णायक वाटते, म्हणून तिच्याकडे मी पुन्हा येईन.

आता मैदानाच्या रचनेकडे वळतो, कारण बाहेरून पाहणाऱ्याला निळा गालिचा दिसतो आणि खर्च कुठे गेला हे कळत नाही. खेळाचे क्षेत्र ९१.४० मीटर लांब व ५५ मीटर रुंद असते, परंतु खेळाडू धावत बाहेर जाणार, घसरणार, म्हणून चहूबाजूंनी मोकळी पट्टी सोडावी लागते. ती धरून लांबी १०१.४ आणि रुंदी ६३ मीटर होते, म्हणजे सुमारे ६,३९० चौरस मीटर जागा. या जागेखाली आधी दाबून घट्ट केलेली माती, तिच्यावर खडीचा थर, त्यावर पाणी झिरपू देणारे डांबरीकरण, त्यावर रबराचे दाणे चिकटवून केलेला लवचिक थर, ज्याला शॉकपॅड म्हणतात, आणि सर्वांत वर साधारण दहा ते तेरा मिलिमीटर उंचीच्या दाट तंतूंचा गालिचा अशी रचना असते. तीन मीटर लांबीची सरळ पट्टी मैदानावर कुठेही ठेवली तरी तिच्याखाली सहा मिलिमीटरपेक्षा मोठी फट दिसू नये, एवढी सपाटी अपेक्षित असते. ही सपाटी गालिच्यात नसते, ती खालच्या थरांत असते. गालिचा कितीही उत्तम कंपनीचा आणला तरी खालची खडी बसली, एखाद्या कोपऱ्यात माती खचली, तर तिथे पाणी साचते, चेंडू उडतो आणि मग वरून काहीही करून उपयोग होत नाही. त्यामुळे नवीन मैदानाच्या कामात मी सर्वांत जास्त वेळ खडी आणि डांबराच्या थराची तपासणी करण्यात घालवतो. गालिचा अंथरण्याचा दिवस छायाचित्रांसाठी महत्त्वाचा असतो, मैदानाचे आयुष्य त्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते.

पाणी हा याहून वेगळा आणि अधिक गुंतागुंतीचा विषय आहे. आंतरराष्ट्रीय दर्जाच्या गालिच्यात वाळू भरलेली नसते. त्याऐवजी सामन्यापूर्वी आणि मध्यंतरात त्यावर पाणी मारले जाते. ओल्या तंतूंवर घर्षण कमी होते, म्हणून चेंडू उसळण्याऐवजी सरळ सरकत जातो, बुटाचा तळ गालिच्याला धरून बसत नाही आणि झेप घेणाऱ्या खेळाडूच्या गुडघ्याची व कोपराची कातडी सोलून निघत नाही. उन्हात तापलेला गालिचा थंड होतो हा आणखी एक फायदा. आता हिशेब करून पाहू. ६,३९० चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ६,३९० लिटर. तीन मिलिमीटर पाणी द्यायचे तर एका वेळेला एकोणीस हजार लिटर लागतात, आणि सामन्यागणिक दोन वेळा म्हणजे अडतीस हजार. एका दिवसात तीन सामने असतील तर आकडा एक लाख लिटरच्या पुढे जातो. एवढे पाणी काही मिनिटांत समान पसरवायचे असल्यामुळे मैदानाच्या कडेला बसवलेल्या मोठ्या फवारा-तोफा, त्यांना दाब देणारे पंप आणि भरलेली टाकी हे सारे लागते. वारा असेल तर एका बाजूची पट्टी कोरडी राहते, आणि तिथे आलेला पास अचानक मंदावतो. अनुभवी संघ सरावाच्या वेळीच अशी पट्टी हेरून ठेवतात.

पाण्याची गुणवत्ताही पाहावी लागते. क्षारयुक्त पाणी वारंवार मारले तर तंतूंच्या मुळाशी थर साचतो आणि गालिचा कडक होतो. अस्वच्छ पाण्यामुळे आणि सावलीतल्या ओलाव्यामुळे शेवाळ धरते, ते निसरडे असते आणि झिरपण्याची छिद्रेही बुजवते. म्हणूनच ब्रश फिरवणे, धूळ शोषून काढणे आणि ठरावीक काळाने गालिचा खोलवर धुणे ही कामे स्पर्धा असो वा नसो, चालू ठेवावी लागतात. अनेक ठिकाणी मैदान उभारण्यासाठी निधी मिळतो, पण ब्रश ओढणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद नसते. नीट निगा राखलेला गालिचा साधारण आठ ते बारा वर्षे चांगली सेवा देतो, दुर्लक्षित गालिचा त्याच्या निम्म्या काळातच खेळण्यालायक राहत नाही. हे नुकसान दिसायला उशीर लागतो, आणि दिसते तेव्हा दोष टर्फला दिला जातो.

रचनेतील इतर गोष्टी थोडक्यात सांगतो. मैदान शक्यतो उत्तर-दक्षिण ठेवतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचा सूर्य गोलरक्षकाच्या डोळ्यांवर येत नाही. गोलांच्या मागे उंच जाळी आवश्यक असते, कारण चांगल्या ड्रॅग फ्लिकरचा, म्हणजे चेंडू ओढत आणून गोलात फेकणाऱ्या खेळाडूचा, चेंडू ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने येतो आणि तो गोलात जाईलच असे नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मैदान निळे आणि चेंडू पिवळा करण्यात आला. हा बदल दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला आणि स्टँडमधील माणसाला चेंडू नीट दिसावा म्हणून होता, आणि तो इतका सोयीचा ठरला की आज मोठ्या मैदानांचा तोच रंग झाला आहे. प्रकाशझोतांची व्यवस्था, पंचांना चित्रफीत पाहून निर्णय देता यावा यासाठीचे कॅमेरे, तांत्रिक अधिकाऱ्यांचे टेबल ही सारी यंत्रणा आजच्या आंतरराष्ट्रीय सामन्याला लागते, आणि ती कायमस्वरूपी बसवलेली असणे हा मोठ्या स्टेडियमचा खरा फायदा आहे.

या पृष्ठभागाने खेळाला काय दिले, हे पेनल्टी कॉर्नरमध्ये, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाच्या नियमभंगाबद्दल मिळणाऱ्या गोलाच्या संधीत, सर्वांत स्पष्ट दिसते. आजचा ड्रॅग फ्लिक म्हणजे चेंडूला फटका मारणे नव्हे. थांबवलेला चेंडू स्टिकच्या खालच्या टोकात धरून जमिनीवरून ओढत आणायचा आणि अंगाचा सगळा पीळ सोडत गोलात फेकायचा. चेंडू ओढत असताना जमिनीने एकदाही धक्का दिला तर तो स्टिकवरून सुटतो, म्हणून हे तंत्र सपाट, ओल्या टर्फवरच परिपक्व होऊ शकले. पेनल्टी कॉर्नरवर मारलेल्या पहिल्या फटक्याला गोलच्या तळाशी असलेल्या फळीच्या उंचीची, म्हणजे ४६० मिलिमीटरची मर्यादा असते, पण फ्लिकला ती नसते. त्यामुळे नियम आणि पृष्ठभाग या दोघांनी मिळून या विशेषज्ञाला जन्म दिला असे मी म्हणेन. पाकिस्तानचा सोहेल अब्बास किंवा २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दहा गोल करणारा हरमनप्रीत सिंग हे गवताच्या युगात या रूपात घडले नसते. याचप्रमाणे १९९२ पासून मिळालेली अमर्याद बदली खेळाडूंची मुभा आणि १९९८ पासून हद्दपार झालेला ऑफसाइडचा नियम यांचाही परिणाम टर्फवरच पूर्णपणे दिसला, कारण जलद पृष्ठभागावर मैदान खऱ्या अर्थाने लांब झाले आणि धावण्याचे अंतर वाढले.

यावरून एक गोष्ट निघते, जी प्रशिक्षक म्हणून मला फार महत्त्वाची वाटते. मातीच्या मैदानावर वाढलेल्या मुलाची काही कौशल्ये विलक्षण असतात. उसळणारा चेंडू ताब्यात ठेवण्याची, दोन खेळाडूंच्या मधून वाट काढण्याची, हूल देण्याची त्याची हातोटी टर्फवर वाढलेल्या मुलात सहसा आढळत नाही. मी माती नाकारत नाही. परंतु जमिनीशी जवळजवळ समांतर स्टिक ठेवून चेंडू अडवणे, उलट्या बाजूने कडेने फटका मारणे, खाली बसून टॅकल करणे, पहिल्याच स्पर्शात चेंडू दुसऱ्या दिशेला नेणे ही कौशल्ये मातीवर शिकताच येत नाहीत, कारण मातीवर ती निष्फळ ठरतात आणि मूल हुशार असल्यामुळे निष्फळ गोष्ट सोडून देते. बारा-तेरा वर्षांच्या आत त्याला आठवड्यातून काही तास तरी टर्फ मिळाले, तर दोन्ही प्रकारची कौशल्ये एका खेळाडूत येतात. भारताला या संगमाचा लाभ फार मोठा आहे.

आता आसनांकडे येऊ. मोठे प्रेक्षागार स्वतःहून खेळ वाढवत नाही, याचे सर्वांत खेदजनक उदाहरण लाहोरचे नॅशनल हॉकी स्टेडियम आहे. प्रेक्षकक्षमतेच्या दृष्टीने ते हॉकीच्या जगातील सर्वांत मोठ्या स्टेडियमांपैकी एक आहे. चॅम्पियन्स ट्रॉफी ही स्पर्धा १९७८ मध्ये लाहोरातच सुरू झाली आणि १९९० चा विश्वचषक अंतिम सामना, ज्यात नेदरलँड्सने यजमानांना ३-१ असे हरवले, तिथेच रंगला. तरीही पुढे पाकिस्तानचा संघ २०१४ व २०२३ च्या विश्वचषकांना आणि २०१६, २०२० व २०२४ च्या ऑलिंपिकना पात्र ठरू शकला नाही. त्याची कारणे अनेक आहेत, सुरक्षेमुळे दीर्घकाळ परदेशी संघ न येणे हे त्यांतील एक. पण स्टँड शाबूत असूनही खेळाची ओहोटी थांबली नाही, ही वस्तुस्थिती आहे.

याच्या उलट नेदरलँड्सकडे पाहावे. ॲमस्टलव्हीनचे वॅगनर स्टेडियम हे त्या देशाच्या हॉकीचे माहेरघर. १९७३ च्या विश्वचषकात भारत अंतिम सामन्यात २-० आघाडीवर असताना बरोबरीत सापडला आणि पेनल्टी स्ट्रोकवर हरला, ते हेच मैदान. ते मुळात एका क्लबचे घरचे मैदान आहे, त्याची कायम आसनसंख्या राउरकेल्याच्या तुलनेत लहान आहे आणि मोठ्या स्पर्धेच्या वेळी तात्पुरते स्टँड उभारून भागवले जाते. २०१४ मध्ये द हेग येथे पुरुष व महिला अशा दोन्ही गटांचा विश्वचषक एकत्र भरवताना तर डचांनी फुटबॉलचे स्टेडियम घेऊन त्यात हॉकीचे टर्फ अंथरले. जगातील सर्वांत यशस्वी हॉकी राष्ट्रांपैकी एकाने मोठे प्रेक्षागार उसने घेतले आणि स्वतःचा पैसा क्लबांच्या मैदानांवर ठेवला, हे तुमच्या प्रश्नाच्या बाजूने दिलेले सर्वांत भक्कम उदाहरण आहे, आणि मी ते प्रामाणिकपणे मान्य करतो.

मग राउरकेला का योग्य ठरते? कारण भारतात डच पद्धतीचे क्लब नाहीत, आणि आपल्याकडे खेळाडू घडतात ते ठरावीक पट्ट्यांत. राउरकेला ज्यात आहे तो सुंदरगड जिल्हा आणि त्याला लागून असलेला झारखंडचा सिमडेगा परिसर हा असा पट्टा आहे. इथल्या आदिवासी गावांत हॉकी ही शाळेत शिकवलेली गोष्ट नसून गावची रीत आहे. बांबूच्या किंवा झाडाच्या फांदीच्या स्टिकने मुले खेळू लागतात, आणि गावोगावच्या स्पर्धांत विजेत्या संघाला बोकड बक्षीस मिळते. १९२८ च्या पहिल्या ऑलिंपिक सुवर्णाच्या वेळचे कर्णधार जयपालसिंह मुंडा याच छोटानागपूर पट्ट्यातले. १९७५ च्या विश्वविजेत्या संघातील मायकेल किंडो सिमडेग्याचे, आणि त्यांचे पुढचे आयुष्य राउरकेल्यात गेले. भारताचे माजी कर्णधार दिलीप तिर्की सुंदरगडमधील सौनामारा गावचे. टोकियो ऑलिंपिकला गेलेले बिरेंद्र लाक्रा, अमित रोहिदास, दीप ग्रेस एक्का आणि नमिता टोप्पो हे चौघेही याच जिल्ह्यातले. राउरकेल्यातील पानपोष येथील क्रीडा वसतिगृहाने १९८५ पासून अशा मुलामुलींना निवास, आहार आणि टर्फपर्यंतची वाट दिली, आणि पोलाद कारखान्यासारख्या सार्वजनिक उपक्रमांनी नोकऱ्या दिल्या. स्टेडियम उभे राहण्यापूर्वीच तिथे खेळाची साखळी होती.

पोलाद कारखान्याचे हे शहर, त्यातील तंत्रविद्यापीठाच्या आवारातील जागा, आणि ५ जानेवारी २०२३ ला उद्घाटन होऊन आठ दिवसांनी सुरू झालेला विश्वचषक हा क्रम सर्वांना माहीत आहे. त्या स्पर्धेतील ४४ सामन्यांपैकी २० राउरकेल्यात आणि २४ भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियममध्ये झाले. १३ जानेवारीला भारताने स्पेनला २-० असे हरवले तेव्हा पहिला गोल अमित रोहिदासने केला, तोही सौनामाऱ्याचाच. भारतीय संघ त्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंतही पोहोचला नाही, न्यूझीलंडविरुद्ध शूटआउटमध्ये बाद झाला, आणि त्या निकालाचे दुःख मला आजही आहे. परंतु स्टेडियमच्या उपयोगाचा हिशेब यजमान संघाच्या क्रमांकावर मांडणे बरोबर नाही. ज्या मुलीने आजवर राष्ट्रीय संघ फक्त पडद्यावर पाहिला, तिने आपल्याच तालुक्याच्या खेळाडूला जर्मनी किंवा इंग्लंडच्या बरोबरीने खेळताना हाकेच्या अंतरावरून पाहिले तर ती काय शिकते, हे ज्यांनी मुलांना शिकवले आहे त्यांना सांगावे लागत नाही. बचावपटू चेंडू नसताना कुठे उभा राहतो, मधल्या फळीतील खेळाडू पास येण्यापूर्वी किती वेळा मान वळवून मागे पाहतो, या गोष्टी कॅमेरा दाखवत नाही, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे असतो; त्या स्टँडमध्ये बसूनच दिसतात. हॉकीचा चेंडू लहान आणि वेगवान असल्याने प्रेक्षक मैदानाला जवळ आणि पुरेसा उंच बसणे आवश्यक असते, आणि ॲथलेटिक्सच्या धावपट्टीने वेढलेल्या बहुउद्देशीय स्टेडियममध्ये ते साधत नाही. केवळ हॉकीसाठी बांधलेल्या प्रेक्षागाराचे समर्थन मी करतो ते याच कारणासाठी.

विश्वचषकानंतर ते पडून राहिले नाही, हेही नोंदवले पाहिजे. त्याच वर्षी मार्चमध्ये प्रो लीग या राष्ट्रीय संघांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे सामने तिथे झाले आणि भारताने विश्वविजेत्या जर्मनीला हरवले. पुढे पुन्हा सुरू झालेल्या हॉकी इंडिया लीगमधील पुरुषांचा अंतिम सामनाही १ फेब्रुवारी २०२५ रोजी राउरकेल्यातच झाला. ओडिशा सरकार २०१८ पासून राष्ट्रीय संघांचे प्रायोजक आहे, त्यामुळे सामने मिळवण्याची ताकद राज्याकडे आहे. हे प्रायोजकत्व नसते तर वीस हजार आसनांबद्दल मी इतका आश्वस्त राहिलो नसतो.

आता दुसरी अट. मोठ्या स्टेडियमचे मुख्य टर्फ जिल्ह्यातील सगळ्या मुलांच्या रोजच्या सरावाला पुरू शकत नाही; दिवसाचे तास मोजलेले असतात, पाण्याचा खर्च मोठा असतो आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र टिकवायचे तर वापरावर मर्यादा येते. सुंदरगडच्या सतराही तालुक्यांत कृत्रिम मैदाने उभारण्याचा जो कार्यक्रम राज्य सरकारने हाती घेतला, तो म्हणून मला मुख्य स्टेडियमइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा वाटतो. त्या मैदानांबाबत माझा आग्रह असा आहे की तिथे जागतिक स्पर्धेच्या दर्जाचा, पाण्यावर चालणारा गालिचा हवाच असा हट्ट धरू नये. वाळू मिसळलेल्या टर्फवर चेंडू थोडा मंद जातो, पडल्यावर अंग खरचटते, हे खरे; पण त्याला रोज हजारो लिटर पाणी लागत नाही, वीज गेली म्हणून सराव थांबत नाही, आणि बारा वर्षांच्या मुलाला जी कौशल्ये शिकायची आहेत ती सगळी त्यावर शिकता येतात. पाण्याच्या टर्फचा वेग अंगवळणी पडायला चांगल्या खेळाडूला काही आठवडे पुरतात. टर्फच मिळाले नाही तर गेलेली वर्षे भरून येत नाहीत. जिथे पूर्ण आकाराची जागा किंवा निधी नाही तिथे लहान आकाराचे टर्फ घालून पाच-पाच खेळाडूंचे सामने खेळवावेत, कारण लहान जागेत प्रत्येक मुलाच्या स्टिकला चेंडू अधिक वेळा लागतो.

पाण्याचा प्रश्न फक्त गावापुरता नाही. पॅरिस ऑलिंपिकसाठी कोलंब येथील स्टेडियममध्ये जो गालिचा अंथरला गेला, त्याच्या तंतूंसाठी वापरलेले प्लॅस्टिक मोठ्या प्रमाणावर उसापासून तयार केलेले होते आणि त्याला आधीच्या पिढीतील टर्फपेक्षा कमी पाणी लागत होते. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ वरच्या पातळीवरही पाण्याविना खेळता येईल अशा गालिच्याकडे खेळाला नेण्याचा प्रयत्न करत आहे. हे साधले तर आज जो फरक श्रीमंत आणि गरीब मैदानांत आहे, तो पुष्कळ अंशी कमी होईल, आणि तालुक्यातील मूल ज्या पृष्ठभागावर शिकते त्यावरच ते पुढे भारताकडून खेळेल. म्हणून आज जो कोणी नवे मैदान बांधत आहे त्याने महागड्या गालिच्यावर नव्हे, तर निचरा, डांबराचा थर आणि शॉकपॅड यांवर हात सैल सोडावा. गालिचा दहा वर्षांत बदलणारच आहे. खालची रचना चांगली असेल तर नव्या प्रकारचा गालिचा तिच्यावर बसवता येतो, आणि ती निकृष्ट असेल तर सगळे उखडावे लागते.

राउरकेल्याच्या मुख्य मैदानावरचा गालिचाही पुढील दशकात केव्हातरी बदलावा लागेल. गालिच्याची झीज सर्वत्र सारखी होत नाही. गोलासमोरचा भाग आणि डीच्या, म्हणजे गोलाभोवतीच्या अर्धवर्तुळासारख्या क्षेत्राच्या, टोकाशी जिथे फ्लिकचा सराव चालतो ती जागा आधी विटते, तर दोन्ही बगलांचे पट्टे पुष्कळ वर्षे चांगले राहतात. तो गालिचा काढताना तुकडे करून टाकून न देता बगलांचे पट्टे नीट गुंडाळून ठेवावेत आणि जिल्ह्यातील शाळांच्या आवारात, साध्या डांबरी किंवा सिमेंटच्या सपाट जागेवर, चेंडू अडवण्याच्या व पासच्या सरावासाठी अंथरावेत. त्यासाठी कोणत्या शाळांत सपाट जागा तयार आहे याची यादी आत्तापासून करायला घ्यावी, आणि जुना गालिचा संबंधित शाळांना मिळेल ही अट बदलीच्या निविदेतच लिहावी.